हाँगकाँग की सिंगापूर: चलन बांधायचं कशाला?

दोन्ही छोटी बंदरं, दोन्हीकडे पैसा मोकळा येतो-जातो. अशा ठिकाणी विनिमय दर आणि व्याजदर दोन्ही मुठीत ठेवता येत नाहीत. एकावर पाणी सोडावंच लागतं.

हाँगकाँगने 1983 मध्ये आपला डॉलर अमेरिकी डॉलरला 7.80 या भावाने बांधला. 2005 पासून तो 7.75 ते 7.85 च्या दरम्यानच हलतो. व्यापाऱ्याला हिशेब सोपा, पण व्याजदर ठरतो वॉशिंग्टनमध्ये, अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेत. ऑक्टोबर 1997 मध्ये सट्टेबाज तुटून पडले तेव्हा भाव टिकला, मात्र बँकांमधल्या एका रात्रीच्या उसनवारीचं व्याज काही काळ वार्षिक 280 टक्क्यांवर गेलं. पुढे घरांच्या किमती कोसळल्या. चलन पडलं नाही, म्हणून बाकीचं पडलं.

सिंगापूरची तऱ्हा निराळी. 1981 पासून तिथली मध्यवर्ती बँक व्याजदराऐवजी विनिमय दरच हाताळते, तोही अनेक चलनांच्या टोपलीशी जोडून. टोपलीत कुणाचं वजन किती, हे मात्र गुपित! 2022 मध्ये महागाई भडकली तेव्हा तिने चार वेळा धोरण आवळलं, म्हणजे चलन अधिक मजबूत होऊ दिलं. चलन मजबूत झालं की आयात अन्न-इंधनाची झळ कमी बसते.

मला सिंगापूरचा मार्ग उजवा वाटतो. पण त्याला बँकेवर भरवसा लागतो. हाँगकाँगचा आकडा तर कुणीही पडताळून बघू शकतो.