पेपर चालू ठेवायचा की मोबाईलवरच भागवायचं? (गोव्यातल्या राजकारणापुरतं बोलतोय)

विधानसभा 2027 ला, पण उमेदवारीच्या गजाली कधीच्या सुरू झाल्यात, आणि मोबाईलवर सगळं फुकट मिळतंय तर मराठी पेपरचं बिल कशाला भरायचं असं बरेच जण विचारतात.

वेगात पेपर हरलाच, वादच नाही. पणजीत मोर्चा अडवला की संध्याकाळपर्यंत अख्ख्या वाड्याने लाईव्ह बघून झालेलं असतं. पर्वरीचं विधानसभेचं अधिवेशनपण थेट दिसतं, आपला आमदार प्रश्न विचारतो की नुसता बाक वाजवतो ते आपल्या डोळ्यांनी कळतं, तिथे मला मोबाईलच बरा वाटतो.

पण बातमी देणारा कोण हे बघायला गेलात की उलटं. पेपरात तळाला बारीक अक्षरात मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं असतात, कायद्यानेच छापावी लागतात. निवडणुकीच्या साध्या हँडबिलावरपण मुद्रक-प्रकाशकाचं नाव लागतं. आणि काल उगवलेलं, रोज एकाच नेत्याला झोडपणारं ते फेसबुक पेज कोणाचं? विचारून बघा, लगेच ब्लॉक व्हाल.

पेपर निःपक्ष असतात असं नाही हां. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही यावरच्या 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलाला 'गोमन्तक' उघड विलीनीकरणाच्या बाजूने आणि 'राष्ट्रमत' उघड विरोधात, दोन्ही मराठीच! पण कोण कुठे उभा आहे ते वाचणाऱ्याला ठाऊक होतं. आता उमेदवाराच्या 'झंझावाती प्रचारा'ची बातमी दोन पेपरांत शब्द न शब्द सारखी दिसली तर ती पैसे देऊन आलीय असंच मी धरतो.

गावात जमीन असेल तर मात्र पेपर बंद करूच नका. 2024 मध्ये टाऊन प्लॅनिंगच्या कायद्यात 39अ कलम आलं, त्याखाली जमिनीचा झोन (म्हणजे शेतीची, वस्तीची वगैरे) बदलायची नोटीस सरकारी गॅझेटमध्ये निघते आणि हरकत घ्यायला 30 दिवस. गॅझेट आपण कोण वाचतो? पेपरवाले वाचतात, कुठल्या गावात किती चौरस मीटर ते छापतात. रीलवर ते येईपर्यंत डोंगर कापलेला असतो, मग ड्रोनचा व्हिडीओ बघून हळहळायचं.

भाड्याने राहत असाल, वेळ नसेल, तर मोबाईल पुरे, वाटल्यास रविवारचा पेपर घ्या. गावचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मात्र बातमीसाठी धरूच नका, लाईट कधी येणार ते विचारायला ठीक आहे.