दूध संस्थेचा ठराव कसा असावा? गोमांसाच्या तंट्यांतील तीन वाटांची तुलना

परदेशी दुग्धजन्य पदार्थांच्या आयातीविषयी ठराव करून तो वरपर्यंत पोहोचवावा, असे कोल्हापूर जिल्ह्यातील ज्या दूध संस्थांच्या मनात आहे, त्यांच्यापुढे सर्वसाधारणपणे तीन प्रकारची भाषा येते. दूध आणि दुधाचे पदार्थ करारातून पूर्णपणे वगळावेत, असे पहिली सांगते. जनावरांना मांसजन्य खाद्य दिलेले नाही असे प्रमाणपत्र असेल तरच माल येऊ द्यावा, असे दुसरी म्हणते. यायचेच असेल तर ठरावीक कोट्याने, सावकाश आणि शेतकऱ्याच्या भरपाईची सोय करून यावे, असा तिसरीचा आग्रह असतो. तिन्ही भाषा शेतकऱ्याच्या बाजूच्या असल्यामुळे सभेच्या घाईत त्या एकाच ठरावात कोंबण्याचा मोह होतो. तसे करू नये, कारण यांतील प्रत्येक भूमिका जगात कोणी ना कोणी घेऊन पाहिलेली आहे आणि प्रत्येकीचे फळ वेगळे आहे. ते फळ दुधापेक्षा गोमांसाच्या व्यापारातील तंट्यांत अधिक स्पष्ट दिसते, म्हणून हा आढावा तेथून सुरू होतो.

भारतात गोमांसाची आयात कोणत्याही स्वरूपात निषिद्ध आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर झालेल्या भारत-अमेरिका व्यापार कराराच्या बोलण्यांत शेतीच्या बाजूने खरी कुरबुर दूध, मका आणि सोयाबीन यांची आहे. तरीही अमेरिकेने युरोप, कोरिया आणि जपान यांच्याशी गोमांसावरून जे वाद घातले, त्यांचा आणि आपल्या दुधाच्या वादाचा गाभा एकच आहे: जनावराने काय खाल्ले आणि त्याला काय टोचले, हे विचारण्याचा आयात करणाऱ्या देशाला किती अधिकार आहे? गुरांच्या मेंदूला होणारा मॅड काऊ रोग १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये ओळखला गेला आणि तो गुरांना गुरांच्याच मांस-हाडांचा भुगा चारल्यामुळे फैलावला होता. अमेरिकेने १९९७ मध्ये असे खाद्य गुरांना देण्यास मनाई केली; मात्र त्या मनाईतून रक्तापासून बनवलेले पदार्थ वगळलेले आहेत. भारत २००३ पासून ज्या प्रमाणपत्राचा आग्रह धरतो, त्यात रवंथ करणाऱ्या जनावरांचे अवयव आणि ऊती यांच्याबरोबर रक्ताची भुकटीही येते. दोन देशांमधील अंतर कागदावर एवढेच दिसते, पण अमेरिकेच्या दूध उद्योगाने याच अटीवरून केलेली तक्रार २०१९ च्या जूनमध्ये भारताच्या शुल्कसवलती काढून घेतल्या गेल्या, त्यामागील कारणांपैकी एक होती.

येथे एक भेद आधीच स्पष्ट केलेला बरा. आयात रोखण्याची साधने दोन आहेत, शुल्क आणि अट. शुल्काचे समर्थन द्यावे लागत नाही. मान्य केलेल्या मर्यादेत ते देशाच्या मर्जीने ठेवता येते. अटीचे मात्र समर्थन मागितले जाते, आणि जागतिक व्यापार संघटनेच्या आरोग्यविषयक करारानुसार ते शास्त्रीय धोक्याच्या मूल्यमापनावर उभे असावे लागते. पुढील तिन्ही उदाहरणे वाचताना कोणता देश कोणत्या साधनावर विसंबून होता, ते पाहावे.

युरोप: अट राखली, किंमत दुसऱ्यांनी मोजली

युरोपने वाढीची संप्रेरके दिलेल्या गुरांच्या मांसाची आयात १ जानेवारी १९८९ पासून बंद केली. अमेरिकेने १९९६ मध्ये हे प्रकरण जागतिक व्यापार संघटनेकडे नेले आणि १९९८ मध्ये अपील मंडळाचा निर्णय युरोपच्या विरोधात गेला, कारण बंदीला पुरेसा आधार देणारे मूल्यमापन युरोपला दाखवता आले नाही. युरोपने तरीही बंदी उठवली नाही. तेव्हा १९९९ मध्ये लवादाने अमेरिकेला वर्षाला ११.६८ कोटी डॉलरच्या व्यापारावर प्रतिशुल्क लावण्याची मुभा दिली, आणि ज्या मालावर शंभर टक्के शुल्क बसले त्यात फ्रान्सचे रोकफोर चीजही होते. मेंढीच्या दुधापासून ते चीज करणाऱ्यांचा गुरांच्या संप्रेरकांशी काडीचाही संबंध नव्हता.

कोल्हापूरच्या वाचकाने या मुद्द्यापाशी थांबावे. प्रतिशुल्क नेहमी भलत्याच माणसावर बसते, आणि आपल्याकडे तो भलता माणूस शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या वसाहतींतील फौंड्रीवाला किंवा इचलकरंजीचा कापड उद्योजक असू शकतो. शिवाय युरोपला किती किंमत मोजावी लागेल, ते लवादाने आकड्यात ठरवून दिले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर आधी २५ टक्के आणि नंतर रशियन तेलाचे कारण देऊन आणखी २५ टक्के शुल्क लावले, तेव्हा असा कोणताही लवाद मध्ये नव्हता.

अखेर २००९ मध्ये तडजोड झाली. संप्रेरके न दिलेल्या गुरांच्या उत्तम प्रतीच्या मांसाला युरोपने शुल्कमुक्त कोटा दिला. तो २०,००० टनांपासून सुरू होऊन पुढे ४५,००० टनांवर गेला. ऑस्ट्रेलिया आणि उरुग्वे यांच्यासारख्या देशांनी तो भरून टाकला, म्हणून २०१९ मध्ये त्यातील ३५,००० टन टप्प्याटप्प्याने अमेरिकेसाठी राखून ठेवावे लागले. म्हणजे अट टिकली, पण तिच्या मोबदल्यात बाजाराचा एक तुकडा द्यावा लागलाच.

आपल्या प्रमाणपत्राचा आधार मात्र केवळ आरोग्याचा नाही. तो श्रद्धेचा आणि भावनेचाही आहे, आणि सार्वजनिक नीतिमत्तेच्या रक्षणासाठी आयात रोखण्याची तरतूद व्यापार नियमांत आहे. सील या समुद्री प्राण्याच्या कातड्यांसारख्या मालावरील युरोपच्या बंदीचे प्रकरण २०१४ मध्ये निकालात निघाले, तेव्हा अपील मंडळाने लोकांच्या नैतिक आक्षेपाचे कारण ग्राह्य धरले, पण बंदीतील अपवाद भेदभाव करणारे आहेत म्हणून दोष काढला. यातून आपल्यासाठी निघणारा अर्थ व्यवहाराचा आहे. जी अट परदेशी गाईच्या खाद्याला लावायची, ती येथील पशुखाद्यालाही तितक्याच काटेकोरपणे लागू असली पाहिजे, नाहीतर ती पहिल्याच तपासणीत ढिली पडेल.

कोरिया: घाईने उघडले, मग मुदत मागितली

तिन्हींमध्ये सर्वांत शिकण्यासारखे उदाहरण दक्षिण कोरियाचे आहे, कारण तेथे चूक आणि शहाणपण दोन्ही एकाच करारात सापडतात. डिसेंबर २००३ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात मॅड काऊ रोगाची गाय आढळल्यावर कोरियाने अमेरिकी गोमांस बंद केले. दोन्ही देशांचा व्यापार करार जून २००७ मध्ये सह्या होऊनही अडून राहिला, कारण गोमांस खुले झाल्याशिवाय तो मंजूर होणार नाही, असे अमेरिकेच्या काँग्रेसमधील वजनदार सदस्य सांगत होते. एप्रिल २००८ मध्ये नवे राष्ट्राध्यक्ष ली म्युंग-बाक कॅम्प डेव्हिडच्या भेटीला गेले असताना, त्या भेटीच्या तोंडावरच कोरियाने जवळजवळ सर्व वयाच्या गुरांचे मांस घेण्याचे मान्य केले. पुढचे दोन महिने सोलच्या रस्त्यांवर मेणबत्त्या घेऊन लोक उतरले, राष्ट्राध्यक्षांना जाहीर माफी मागावी लागली आणि मंत्रिमंडळाने राजीनामे देऊ केले. जूनमध्ये पुन्हा बोलणी होऊन, ग्राहकांचा विश्वास बसेपर्यंत ३० महिन्यांहून लहान गुरांचेच मांस पाठवले जाईल, असे ठरले.

या गदारोळात एक गोष्ट झाकली गेली, ती म्हणजे करारातील शुल्काचे कलम. गोमांसावरील ४० टक्के शुल्क एकदम न काढता १५ समान टप्प्यांत शून्यावर आणायचे होते. करार मार्च २०१२ मध्ये अमलात आल्यामुळे तो शेवट २०२६ मध्ये येतो. शिवाय एका वर्षात आयात २,७०,००० टनांच्या पुढे गेली तर शुल्क पुन्हा वाढवण्याचा हक्क राखला होता, आणि ही मर्यादा दरवर्षी ६,००० टनांनी वाढणार होती. त्याच काळात कोरियाने उपाहारगृहांत मांसाचा देश लिहिणे सक्तीचे केले, देशी हानवू गुरांची जन्मापासून नोंद ठेवण्यास सुरुवात केली आणि आयातीमुळे दर पाच वर्षांच्या सरासरीच्या ९० टक्क्यांखाली गेला तर फरकाची रक्कम देण्याची योजना आणली. ती भरपाई २०१३ मध्ये हानवूच्या मालकांना प्रत्यक्ष मिळाली.

आज कोरिया हा अमेरिकी गोमांसाच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक आहे आणि हानवूही टिकून आहे. टिकला नाही तो दोन-चार जनावरे बाळगणारा छोटा मालक. त्या देशातील गुरे मोठ्या गोठ्यांत एकवटत गेली. ज्या जिल्ह्यात दूध संस्थेच्या बहुतेक सभासदांच्या दारात मोजकीच जनावरे असतात, तेथे या वाक्याचे वजन वेगळे पडते.

जपान: शुल्काचा पैसा गोठ्याकडे

जपानने १९८८ च्या करारानुसार गोमांसाचा कोटा १९९१ मध्ये रद्द करून त्या जागी ७० टक्के शुल्क आणले, आणि ते २००० पर्यंत ३८.५ टक्क्यांवर उतरवले. २०२० मध्ये अमलात आलेल्या करारानुसार ते २०३३ पर्यंत ९ टक्क्यांवर यायचे आहे. या शुल्काचे उत्पन्न वासरे सांभाळणाऱ्यांना आधार देण्यासाठी कायद्याने राखून ठेवले गेले, आणि तिन्ही वाटांत हीच एक तरतूद मला कोणत्याही शंकेशिवाय उचलण्यासारखी वाटते.

परिणाम दुहेरी झाला. वाग्यू जातीचे महागडे मांस स्वतःच्या प्रतीवर तगले. दुभत्या जातीच्या गोऱ्ह्यांचे साधे मांस मात्र आयातीच्या थेट स्पर्धेत सापडले. १९९० च्या सुमारास निम्म्याच्या आसपास असलेली गोमांसाची स्वयंपूर्णता दहा वर्षांत एक तृतीयांशाजवळ आली.

कोल्हापुरात हे कोणाला लागू पडते

जपानचे हे दुभंगलेले चित्र आपल्याकडे म्हैस आणि गाय यांच्यात पडू शकते. म्हशीचे जास्त फॅटचे दूध पिशवीतून मुंबई-पुण्याला जाते. त्याला अमेरिकेत किंवा न्यूझीलंडमध्ये जोड नाही. गाईचे जादा दूध पावडर आणि बटरमध्ये जाते, आणि पावडरचा भाव पडला की गाय दुधाचा खरेदी दर पुढच्या दहा दिवसांच्या बिलातच जाणवतो. म्हणून ज्या संस्थेत म्हैस दूध अधिक आहे तिचा धोका तुलनेने दूरचा आहे, आणि ज्या गावांत संकरित गाईंचे गोठे वाढले आहेत त्यांचा जवळचा. एकाच तालुक्यातील दोन संस्थांनी शब्दशः सारखा ठराव करावा, असे काही नाही.

कोट्याची भीती आकड्यात मोजून पाहावी. भारताने दूध पावडरवर १०,००० टनांचा कोटा १५ टक्के शुल्काने आणि त्यापुढील आयात ६० टक्क्यांनी ठेवलेली आहे. शंभर लिटर गाय दुधातून साधारण साडेआठ किलो स्निग्धांशरहित पावडर निघते असे धरले, तर १०,००० टन म्हणजे सुमारे बारा कोटी लिटर दूध होते. २०२३-२४ मध्ये देशाचे दूध उत्पादन २३ कोटी ९० लाख टनांच्या पुढे होते. त्या मानाने हा कोटा देशाच्या चार-पाच तासांच्या दुधाइतका भरतो. तरीही तो नगण्य मानू नये, कारण पावडरचा बाजार एकूण दुधाच्या तुलनेत लहान आहे आणि संघांच्या गोदामांत साठा पडून असताना आयातीच्या नुसत्या घोषणेने भाव खाली येतो. प्रश्न कोटा किती हा जितका आहे, तितकाच तो वर्षाच्या कोणत्या महिन्यांत उघडतो हाही आहे.

दुसरी बाजूही तितक्याच स्वच्छपणे मांडली पाहिजे. दुधावर सवलत दिली म्हणजे फौंड्रीला लाभ होईलच, असे नाही. अमेरिकेने पोलाद आणि वाहनांचे सुटे भाग यांच्यावर लावलेले शुल्क राष्ट्रीय सुरक्षेच्या वेगळ्या कायद्याखाली आहे, आणि ते देशनिहाय शुल्काच्या सौद्यात आपोआप येत नाही. ज्या घरात एक भाऊ शिरोलीत कास्टिंग करतो आणि दुसरा गावाकडे गोठा सांभाळतो, तेथे दुधाच्या बदल्यात कारखाना वाचतो असा हिशेब मांडण्याआधी त्या कास्टिंगवर नेमके कोणते शुल्क बसते, ते पाहावे.

ठरावाच्या भाषेविषयी माझा कौल

गाय दूध अधिक असलेल्या संस्थेने पहिली भाषा घ्यावी, म्हणजे पूर्णपणे वगळण्याची. ही मागणी अवास्तव नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये भारत आरसेप या आशिया-पॅसिफिक देशांच्या व्यापार कराराच्या बोलण्यांतून बाहेर पडला तेव्हा दूध हे एक मोठे कारण होते, आणि त्यानंतर ऑस्ट्रेलिया, स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांचा गट आणि ब्रिटन यांच्याशी झालेल्या करारांत दुग्धजन्य पदार्थ सवलतींबाहेर ठेवले गेले. वगळणे म्हणजे शुल्कावर विसंबणे, आणि शुल्काला समर्थन मागितले जात नाही.

प्रमाणपत्राची मागणी त्याच ठरावात घालायची असेल तर ती दुसऱ्या कलमात, स्वतंत्र कारणासह घालावी. ती एकटीच ठेवली तर वाटाघाटीत पहिला वार तिच्यावर होतो, आणि समोरच्याने प्रमाणपत्र आणून दिले की आपल्यापाशी बोलायला काही उरत नाही. अमेरिकेतील एखाद्या कारखान्याला रक्ताची भुकटी न दिलेल्या गाईंचे दूध वेगळे गोळा करणे खर्चिक असेल, पण अशक्य नाही.

म्हैस दूध प्रधान असलेल्या आणि सभासदांत निर्यातदार कुटुंबेही असलेल्या संस्थेला तिसरी भाषा अधिक प्रामाणिक वाटू शकते. तिने मग नुसते कोटा द्यावा असे न लिहिता कोरियाची आणि जपानची कलमे नावानिशी मागावीत: किमान १५ वर्षांचे टप्पे, ठरलेल्या टनांपुढे शुल्क पूर्ववत करण्याचा हक्क, दूध मुबलक असलेल्या महिन्यांत कोटा बंद, आयात पावडरपासून बनवलेल्या दुधावर तशी ठळक छपाई, आणि वसूल झालेल्या शुल्कातून गाय दुधाच्या दरफरकासाठी वेगळा निधी. यांतील शेवटचे कलम दिल्लीत सर्वांत आधी गळेल, म्हणून ते ठरावात सर्वांत वर लिहावे.