मॉडिफाय केलेला कॅनन ६०० डी आणि तेजोमेघ: गोव्यातला वापरानंतरचा अनुभव

सेकंडहँड कॅनन ६०० डी घेऊन तो अ‍ॅस्ट्रोसाठी, म्हणजे आकाशाच्या फोटोंसाठी, मॉडिफाय करून घेतला (सेन्सरपुढच्या फिल्टरची एक काच काढून घेतली), त्याला आता बरेच महिने झाले. मधला एक पावसाळाही त्याने काढला. तेजोमेघांचे, म्हणजे अंतराळातल्या चमकणाऱ्या वायूच्या ढगांचे, फोटो काढायचे असतील तर पैसे वसूल होतात, हे आता खात्रीने सांगतो. मात्र गोव्यात राहणाऱ्याने फिल्टरइतकाच सेन्सरच्या तापमानाचाही विचार करायला हवा. पुण्या-मुंबईच्या मित्रांच्या अनुभवावरून हे मला कळलं नव्हतं.

तेजोमेघातला तांबडा प्रकाश मुख्यतः हायड्रोजनचा, ६५६.३ नॅनोमीटरचा. हाच हायड्रोजन-अल्फा. आपल्या डोळ्यांना दिसतात तसे रंग यावेत म्हणून नेहमीच्या डीएसएलआरमध्ये सेन्सरपुढे जो फिल्टर बसवलेला असतो, तो यातला जेमतेम पाव हिस्सा आत सोडतो. कॅननच्या या बॉडीत दोन काचा असतात. मी धूळ झटकणारी पुढची काच तशीच ठेवून मागची निळसर काच काढायला लावली. इन्फ्रारेड अडवायचं काम पुढची काच करत राहते, त्यामुळे वेगळा फिल्टर लावावा लागत नाही, आणि हायड्रोजनचा प्रकाश तिप्पट-चौपट मिळतो.

हा फरक मृगातल्या एम ४२ या तेजोमेघावर तपासू नका. तो इतका तेजस्वी आहे की साधा कॅमेराही त्याचा छान फोटो काढतो. खरी परीक्षा रोझेटवर. शृंगाश्व तारकासमूहातला हा तेजोमेघ पौर्णिमेच्या चंद्राच्या दुपटीहून रुंद आहे, पण अतिशय फिका. चोर्ला घाटाजवळच्या सुर्ल्याच्या सड्यावरून १३५ मि.मी. लेन्स, आयएसओ ८०० आणि दोन मिनिटांचं एक्सपोजर दिलं, तर एकाच फ्रेममध्ये, कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरच, लालसर कडं दिसतं. मधे पोकळी आणि त्या पोकळीत ताऱ्यांचा छोटा गुच्छ. माझ्या आधीच्या कॅमेऱ्यात ढीगभर फ्रेम स्टॅक केल्यावरही (एकावर एक रचून एक चित्र केल्यावरही) तिथे फक्त राखाडी डाग उमटायचा.

अश्वमुख तेजोमेघाचंही तेच. मृगाच्या पट्ट्यातल्या पूर्वेकडच्या ताऱ्याला लागूनच तो आहे. १८८८ मध्ये विल्यमिना फ्लेमिंग यांना तो हार्वर्ड वेधशाळेच्या फोटोच्या काचेवर सापडला. घोड्याचं तोंड म्हणजे काळी धूळ. मागचा लाल पडदा नीट उजळला तरच ते उठून दिसतं, आणि तो पडदा या कॅमेऱ्याने मिळतो.

आता उष्म्याविषयी. सेन्सर सहाएक अंशांनी तापला की त्याचा स्वतःचा गोंगाट (नॉइज, म्हणजे चित्रात उमटणारे खोटे ठिपके) साधारण दुप्पट होतो. डिसेंबर-जानेवारीत फोंड्याकडे रात्री पारा विशीपर्यंत उतरतो, तेव्हा चित्र स्वच्छ येतं. एप्रिलमध्ये मध्यरात्रीही अंगाला घाम असतो, कॅमेरा आतून आणखी तापतो, आणि मॉडिफिकेशनने कमावलेला फिका लाल रंग त्या गोंगाटात बुडतो. फ्रेमच्या माहितीत सेन्सरचं तापमान नोंदलेलं असतं, ते मी दर वेळी पाहतो. डार्क फ्रेम, म्हणजे हा गोंगाट वजा करण्यासाठी लेन्स झाकून काढलेले फोटो, त्याच रात्री, त्याच तापमानाला घ्याव्यात. जानेवारीतल्या डार्क एप्रिलला चालत नाहीत. दोन फ्रेममध्ये अर्धा मिनिट उसंत दिली आणि स्क्रीन बॉडीपासून उघडून धरला तरी चांगला फरक पडतो. या मॉडेलचा स्क्रीन फिरतो, हे त्याचं मोठं सुख आहे.

दवाबद्दल वेगळं सांगायला नको. लेन्सभोवती हीटरचा पट्टा नसेल तर मध्यरात्रीनंतर काच पाणावतेच. पावसाळ्यात कॅमेरा सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात ठेवला, आर्द्रता ४५ टक्क्यांच्या आत राखली, तर बुरशी धरली नाही.

ट्रॅकर (ताऱ्यांच्या गतीबरोबर कॅमेरा फिरवणारं यंत्र) ध्रुवताऱ्याच्या दिशेने लावताना गोव्याची आणखी एक अडचण येते. ध्रुवतारा इथे क्षितिजापासून फक्त पंधरा अंशांवर असतो, म्हणजे बहुतेक ठिकाणी माडांच्या आड नाहीतर धुक्यात. जागा निवडताना मी आधी उत्तर दिशा मोकळी आहे का ते बघतो, अंधार किती ते नंतर.

दिवसा वापरायला हा कॅमेरा ठेवू नका. सगळंच लालसर येतं. पांढऱ्या कागदावर व्हाइट बॅलन्स सेट केला की चेहरे बरे दिसतात, पण झाडापानांचं काही खरं नाही. चवथीला माटोळीचा (गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या छताचा) फोटो काढला तर हिरवी पानं विटकरी आली. व्ह्यूफाइंडरमधून ऑटोफोकसही अचूक लागत नाही. ताऱ्यांसाठी लाइव्ह व्ह्यूमध्ये बाहतिनोव्ह मास्क (फोकस अचूक लागला का ते दाखवणारी, लेन्सपुढची खाचांची जाळी) लावून हातानेच फोकस करायचा असतो, त्यामुळे माझं काही अडलं नाही.

ज्यांना शहरातल्या गच्चीवरूनच काम करायचं आहे, त्यांनी ड्युअल नॅरोबँड फिल्टरचे पैसे आधीच बाजूला काढावेत. हायड्रोजनबरोबर ऑक्सिजनचा ५००.७ नॅनोमीटरचा हिरवट-निळा प्रकाश तो आत घेतो आणि दिव्यांचा बराचसा उजेड अडवतो. स्टॅकिंगला सिरिल हे सॉफ्टवेअर पुरतं, तेही फुकट.

आणि गोव्यात राहण्याचा एक फायदाही आहे. कॅरिना तेजोमेघ दिल्लीत क्षितिजाला जेमतेम टेकतो. काणकोणातून तो पंधरा अंश वर येतो. मार्चमध्ये, चंद्र नसलेल्या रात्री, काब द रामच्या सड्यावरून दक्षिणेकडे लेन्स लावली. समुद्रावर होड्यांचे दिवे होते, हवेत धूसरपणा होता, तरीही त्याचा लाल पिसारा आणि त्याला चिरत गेलेली काळी पट्टी दोन्ही आली. मॉडिफाय न केलेल्या कॅमेऱ्याने मला तिथून फक्त त्याचा उजळ गाभा मिळाला होता.