धाब्याचे जुने घर की स्लॅबचे नवे घर?

माझ्या भाच्याला अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यातील स्वतःच्या गावातच घर घ्यायचे आहे आणि त्याच्यासमोर दोन पर्याय आहेत. एक गावठाणातील धाब्याचे, म्हणजे लाकडावर मातीचे सपाट छत असलेले जुने घर, आजोबांच्या पिढीतले. दुसरे गावाबाहेरच्या लेआउटमधील, गेल्या वर्षी बांधून झालेले स्लॅबचे घर. दोन्ही घरे मी त्याच्यासोबत एकदा वैशाखात आणि एकदा भाद्रपदात पाहिली. आमच्या भागात घर घेणाऱ्याने घराच्या वयाकडे पाहण्याआधी त्याच्याखालची माती, बांधकामाला वापरलेले पाणी आणि कागदपत्रे पाहावीत, असे माझे मत त्यातून पक्के झाले.

मातीपासून सुरुवात करू. पूर्णेच्या खोऱ्यातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावर उथळ पाया घेऊन उभे केलेले घर दरवर्षी थोडे वर उचलले जाते व थोडे खाली बसते. नव्या घराच्या मागच्या खोलीत खिडकीच्या खालच्या कोपऱ्यापासून तिरकी उतरलेली भेग आम्हाला दिसली. वैशाखात तिच्यात एक रुपयाचे नाणे उभे बसत होते, आणि भाद्रपदात तीच भेग इतकी मिटली होती की वर पुट्टी मारून ठेवलेली असती तर कोणाच्या लक्षातही आली नसती. गिलाव्याला पडणाऱ्या केसासारख्या बारीक चिरा वेगळ्या, त्यांची चिंता नको. पण ऋतूप्रमाणे उघडझाप करणारी तिरकी भेग म्हणजे पाया हलतो आहे, असेच समजावे. अशा जमिनीत ही हालचाल साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत जाणवते, आणि म्हणूनच रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने तळाशी फुगीर केलेले काँक्रीटचे खांब जमिनीत खोल उतरवून त्यांवर घर पेलण्याची पद्धत विकसित केली. गावातल्या ठेकेदाराने तेवढे केलेले नसते. मात्र काळी माती काढून मुरूम भरला का आणि प्लिंथला (जोत्याला) बीम आहे का, हे विचारायलाच हवे, आणि शक्य असल्यास काम करणाऱ्या मिस्त्रीलाच गाठून विचारावे. जुन्या घराची गोष्ट वेगळी आहे. ते अनेक उन्हाळे-पावसाळे काढून जिथे बसायचे तिथे बसलेले असते आणि त्याच्या मातीच्या जाड भिंती थोड्या हालचालीने तडकत नाहीत.

पाण्याचा प्रश्न खास आमचा, खारपाणपट्ट्याचा आहे. इथल्या बोअरचे पाणी खारे असते, आणि टँकरचे पैसे वाचवण्यासाठी तेच काँक्रीटमध्ये आणि स्लॅबवर मारण्यासाठी वापरले जाते. भारतीय मानकानुसार सळई असलेल्या काँक्रीटसाठीच्या पाण्यात क्लोराइडचे प्रमाण लिटरमागे 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, कारण हेच क्लोराइड आतली सळई गंजवते, गंजलेली सळई फुगते आणि स्लॅबचे पोपडे निघू लागतात. हा दोष दिसायला काही वर्षे लागतात, त्यामुळे एका वर्षाचे घर पाहून त्याचा अंदाज येत नाही. पायथ्याच्या गिलाव्याला लागलेला पांढरा लोणा, म्हणजे क्षाराचा थर, ही त्यातली त्यात लवकर दिसणारी खूण. ती या घरात जोत्यापासून वीतभर उंचीपर्यंत होती. लोणा जुन्या भिंतीलाही लागतो, पण तिथे माती खरवडून पुन्हा लिंपता येते.

जुने घर निर्दोष आहे, असा याचा अर्थ नाही. भाच्याने पेचकस घेऊन मधल्या खोलीतील मयालीचे (छत पेलणाऱ्या लाकडी तुळईचे) भिंतीत शिरलेले टोक टोचले, तेव्हा पाते मुठीपर्यंत आत गेले आणि पिठासारखा भुसा खाली सांडला. बाकीच्या दोन मयाली सागवानाच्या आणि टणक आहेत, पण वाळवीने धरलेली ही एक बदलल्याशिवाय त्या खोलीत कोणी झोपू नये. धाब्याचे मोठे दुखणे म्हणजे त्याचे वजन. दरवर्षी मृगाआधी गळती थांबवण्यासाठी वर मातीचा थर टाकला जातो, जुना थर काढला जात नाही, आणि छप्पर वर्षागणिक जड होत जाते. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि असेच जड धाबे यांखालीच फार माणसे गाडली गेली. म्हणून असे घर घेतल्यास आधी धाब्याची माती उतरवून हलके पत्र्याचे छत घालावे आणि त्याखाली बांबूच्या तट्ट्याचे अस्तर द्यावे, असे मला वाटते. अर्थात यात धाब्याचा गारवा थोडा जाईल.

गारव्याबाबत फार लिहिण्याची गरज नाही. पारा 45 अंशांवर गेलेला असताना दुपारी दोन्ही घरांत अर्धा तास बसून पाहिले की पुरे. सेवाग्रामची 1936 सालची माती, बांबू आणि कवेलूंची (कौलांची) बापू कुटी, म्हणजे गांधीजींची झोपडी, मे महिन्यात ज्यांनी पाहिली आहे, त्यांना जाड मातीच्या भिंतीचे काम समजावून सांगावे लागत नाही. उघडा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री तेच खाली सोडतो. त्यावर चुन्याचा पांढरा लेप दिल्यास फरक पडतो, हा सर्वांत स्वस्त उपाय.

आता कागद. इथे नवे घर बहुतेक वेळा पुढे असते: अकृषिक (बिगरशेती) आदेश, मंजूर नकाशा आणि नोंदणीकृत खरेदीखत असेल, तर बँक कर्जाचा विचार करते. जुन्या घराच्या बाबतीत मालक मोठ्या विश्वासाने ग्रामपंचायतीचा नमुना 8 पुढे करतो, पण ती कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. 24 एप्रिल 2020 रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतून ड्रोनने गावठाणाची मोजणी होऊन मालमत्ता पत्रक मिळते, ते मागावे. त्याहून मोठी अडचण वारसांची. हिंदू वारसा कायद्यातील 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींचा हक्क मुलांइतकाच असल्याने, घरात राहणाऱ्या एका भावाच्या सहीने घर विकले जात नाही.

आम्ही नवे घर सोडले. दोन पावसाळे काढून कोरी राहिलेली भिंत त्याच लेआउटमध्ये मिळाली असती, तर कदाचित मी उलट सल्ला दिला असता. जुन्या घराची किंमत आम्ही जागा आणि टणक लाकूड एवढ्याचीच धरली आणि मयालीचा व छताचा खर्च त्यातून वजा करायला सांगितले. मालकाने ते मान्य केले आहे, पण पाच वारसांपैकी चौघेच सही करायला तयार आहेत. पाचवी बहीण अचलपूरला असते. तिचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र हातात येईपर्यंत इसाराचा एक रुपयाही द्यायचा नाही, असे भाच्याला बजावून ठेवले आहे.