शुगर-बीपीच्या गटात आठ महिने: वही झकास, पण दवाखान्यात ती वाचतं कोण?

मार्चपासून मी तालुक्यातल्या एका संस्थेच्या गटात जाते. सुरुवातीला सलग सहा शनिवार, दर वेळी अडीच तास, आणि आता महिन्यातून एकदा भेट. फी नाही. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लॉरिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवलेल्या, जुनाट आजार स्वतः सांभाळायला शिकवणाऱ्या कार्यक्रमाच्या धर्तीवर हे चालतं. शिकवायला डॉक्टर नसतात. गट चालवणारे दोघं, त्यातल्या सरांना स्वतःलाच जुना मधुमेह. त्यामुळे "गोड सोडा" एवढंच ऐकून घरी यावं लागत नाही.

सगळ्यात कामाचा निघाला तो आठवड्याचा बेत. "जरा चालेन म्हणते" असं कुणी म्हटलं की सर विचारणार, कुठे? किती वेळ? कधी? किती दिवस? आणि मग, जमेल याची खात्री शून्य ते दहात किती? सातच्या खाली आकडा आला की बेत लहान करायचा. मी "रोज पाच किलोमीटर"वरून "रात्री जेवल्यावर देवळापर्यंत, आठवड्यातून चार दिवस" इथवर खाली आले. तेवढं मात्र टिकलंय. पावसाळ्याचं विचारू नका.

दुसरी गोष्ट वही, घरी मोजलेल्या शुगर-बीपीच्या नोंदींची. घरी बीपी मोजायची रीत मला बावन्नाव्या वर्षी कळली. पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पट्टा उघड्या दंडावर, आणि एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजायचं. त्याआधी मी चहा पीत, लेकीशी फोनवर वाद घालत मशीन लावायची आणि आकडा बघून घाबरायची.

आता तक्रार. माझ्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून मिळतात, महिन्याच्या महिन्याला. तिथे तिशीच्या पुढच्या सगळ्यांचा भरतात तो सीबॅक फॉर्म (शुगर-बीपीसारख्या आजारांचा धोका तपासणारी प्रश्नावली) आशाताईंनी भरलेला, उपचाराचं कार्ड आहे, पोर्टलवर नोंद आहे. संस्थेचं रजिस्टर निराळं. आणि माझी वही तिसरीच. एका बाईच्या शुगरचे तीन हिशेब आणि एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. वही पुढे केली की डॉक्टर एकदा वहीकडे, एकदा मागच्या रांगेकडे बघायचे. "आपण इथलंच रीडिंग धरतो." त्यांचंही चूक म्हणवत नाही, रांग मीही पाहिलीय.

जुलैतल्या संकष्टीला याची किंमत कळली. शुगरसाठी मेटफॉर्मिनच्या जोडीला मला ग्लिमेपिराइड होती, उपाशीपोटी साखर फार खाली नेऊ शकणारी गोळी. सकाळी सवयीने दोन्ही घेतल्या, पोटात नुसता चहा. दुपारी पाचवीच्या वर्गात फळ्यावर लिहिताना खडू हातात थरथरायला लागला, घामाने ब्लाउज भिजला. पर्समधल्या ग्लुकोमीटरवर ५८. गटात घोकून घेतलं होतं, सत्तरच्या खाली गेलं की तीन चमचे साखर पाण्यातून आणि पंधरा मिनिटांनी परत तपासायचं. स्टाफरूममधली साखर कामी आली. पण उपासाला गोळीचं काय करायचं? गटात औषधांच्या डोसबद्दल बोलत नाहीत, ते बरोबरच आहे. आणि दवाखान्यात मी उपास करते हे कुणी विचारलं नव्हतं, मीही सांगितलं नव्हतं.

सुटका झाली ती उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकारी ताईंमुळे. त्यांनी वही चाळली आणि म्हणाल्या, "बाई, एवढं कोण वाचणार? मला एक पान करून द्या." महिन्यातली सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त शुगर, घरच्या बीपीची सरासरी, चुकलेल्या गोळ्या, उपासाचे दिवस. बस. ते पान त्यांनी कार्डाला स्टेपल केलं आणि माझ्यासमोरच ई-संजीवनीवरून, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन सल्ला सेवेवरून, डॉक्टरांना दाखवलं. गोळी बदलली. उपासाच्या दिवशी काय घ्यायचं आणि काय नाही, ते कार्डावरच लिहून मिळालं. सप्टेंबरात दवाखान्यात बीपी १५०/९४ निघालं, तेव्हाही पानावरची घरची सरासरी १२८/८० होती. डॉक्टरांनी या वेळी पान वाचलं, तिथल्या तिथे गोळी वाढवली नाही, पंधरा दिवसांनी परत बोलावलं. ताईंनी नंतर त्यांचे दोन पेशंटही आमच्या गटात धाडले.

ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांचा खर्च जाणवतो, म्हणून मी रोज टोचून घेत नाही. तिमाही एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची रक्ततपासणी) तालुक्याला जाऊन करावी लागते, त्यात एक रजा जाते.

गटाला दहापैकी आठ. दवाखान्याशी असलेल्या जोडणीला किती द्यायचे ते कळत नाही, कारण ती कुठल्याच कागदावर नाही, ताईंच्या स्टेपलरमध्ये आहे. आणि ताई कंत्राटावर. पुढच्या महिन्यात त्या दुसरीकडे जाणार असं ऐकलंय. कोऱ्या पानाच्या दहा झेरॉक्स काढून ठेवल्यात, पहिली नव्या ताईंच्या टेबलावर ठेवीन म्हणते. खात्री? सध्या सहा.