‘सुटत नाही’ म्हणून बदलायला लावलेला गिअरबॉक्स

माझी पिकअप क्लच प्लेट बदलण्यासाठी सोलापुरातील एका गॅरेजमध्ये गेली आणि अठ्ठावन्न हजार रुपये घेऊन दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचा गिअरबॉक्स लावून परत आली. माझ्या गिअरबॉक्सच्या आत काहीही बिघडलेले नव्हते, हे मला दोन महिन्यांनी कळले. इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांत अडकून बसले की त्या अडकण्याच्या नावावर गाडीमालकाकडून हवे ते वसूल करता येते, कारण आत काय आहे हे त्याला दिसत नसते. पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या आमच्या भागात अजून दुरुस्तीला जात आहेत, म्हणून घडले ते सविस्तर लिहीत आहे.

आमची शेती मोहोळ तालुक्यात सीना नदीच्या काठी आहे. सप्टेंबर २०२५ च्या पुरात वस्तीवर उभी असलेली पिकअप दोन दिवस पाण्यात राहिली आणि पाणी चेसिसच्या वर चढले. विमा फक्त थर्ड पार्टीचा होता, त्यामुळे भरपाईचा प्रश्नच नव्हता. पाणी ओसरल्यावर गावातल्या फिटरने इंजिन ऑइल, डिझेल आणि फिल्टर बदलून इंजिन सुरू करून दिले. ते नीट चालू लागले, पण क्लच कितीही दाबला तरी गिअर पडेना. त्याने गिअरबॉक्सचा खालचा नट काढून तेलही पाहिले होते. ते काळे होते, पण दुधाळ नव्हते, म्हणजे गिअरच्या कप्प्यात पाणी गेलेले नव्हते. ही गोष्ट तेव्हा मी कानाआड केली. क्लच ज्या बेल हाउसिंगमध्ये बसतो ती जागा वेगळी असते, तिला खालून पाणी लागते, आणि तिथेच प्लेट गंजून फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाच्या मागच्या जड चाकाला, चिकटली आहे, असे त्याचे निदान होते. ते पूर्ण बरोबर होते. त्याच्याकडे गाडीखाली उतरून काम करायचा खड्डा नव्हता आणि गिअरबॉक्स पेलणारा जॅकही नव्हता, म्हणून नोव्हेंबरमध्ये मी गाडी दोराने ओढून सोलापूरला नेली.

त्या दिवसांत पुरातून वाचलेल्या वरच्या रानातल्या कांद्याची काढणी चालू होती. मार्केट यार्डात जाणारा प्रत्येक ट्रिपचा माल मला भाड्याच्या टेम्पोत भरावा लागत होता, आणि भाव पडलेला असताना वर भाडेही जात असेल तर माणूस घाई करतो. गॅरेजवाल्याला मी पहिल्याच बोलण्यात सांगून टाकले की काहीही करा, पण गाडी लवकर द्या. हे वाक्य मी बोलायला नको होते.

अंदाज दहा हजार पाचशेचा ठरला : क्लच सेटचे सहा हजार पाचशे आणि मजुरीचे चार हजार, मुदत दोन दिवस. कागद काही दिला नाही. वहीत गाडीचा नंबर आणि माझा मोबाइल नंबर तेवढा लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. “मालक, गाडी पाण्यातली हाय. इंजिन आन् गिअरबॉक्स एकजीव झालाय. बोल्ट सगळे काढले तरी हलंना. दोन्ही संगट बाहेर काढावं लागतंय.” त्याचे साडेसात हजार, आणि मी शेतातूनच हो म्हणालो. पुढच्या दिवशी शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्समधून क्लचमध्ये शिरणारा दांडा, आत धरून बसला आहे, लेथवर नेऊन सोडवावा लागेल, त्याचे सहा हजार. मी त्यालाही हो म्हणालो. तिसरा फोन आला तेव्हा मात्र मी मोटारसायकल काढून थेट सोलापूर गाठले, कारण आता गिअरबॉक्सच गेला असे तो सांगत होता.

मी पोहोचलो तेव्हा इंजिन साखळीला टांगलेले होते आणि माझा गिअरबॉक्स मागच्या भिंतीशी पोत्याखाली झाकलेला होता. पाहू का, असे विचारल्यावर “तेल सांडतंय, कपडे खराब हुतील” म्हणून त्याने मला पुढे येऊ दिले नाही आणि एका ट्रेमधून गंजून खड्डे पडलेला एक गिअर उचलून माझ्या हातात दिला. नवा गिअरबॉक्स परवडणार नाही, पण चालू गाडीचा काढलेला एक माझ्याकडे आहे, चौतीस हजारांत बसवून देतो, आणि जुना भंगारात धरूनच हा भाव लावला आहे, असे तो म्हणाला. माझ्याकडे उत्तर नव्हते. पुण्यातल्या धाकट्या भावाला दाखवावे म्हणून टांगलेल्या इंजिनाचे मागच्या बाजूने चार-पाच फोटो काढले आणि मी परत आलो. पुढे माझ्या हाती पुरावा म्हणून जे काही उरले, ते हेच फोटो. पैसे देताना पावती मागितली तर पाठकोऱ्या कागदावर ‘गिअरबॉक्स काम ५८,०००’ एवढे लिहून मिळाले.

जानेवारीत, सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, भरलेल्या गाडीचा तिसरा गिअर आपोआप सुटू लागला आणि क्लच सोडला की घरघर ऐकू येऊ लागली. मी त्या गॅरेजला फोन केला, तर जुन्या मालाची गॅरंटी नसते असे उत्तर आले. तेव्हा मेहुण्यांनी अक्कलकोट रोड भागातल्या एका वयस्कर मिस्त्रींकडे नेले. त्यांच्याकडे फलक नाही, एक खड्डा आणि दोन मदतनीस आहेत. त्यांनी गिअरबॉक्स दुपारपर्यंत उतरवला आणि पहिल्यांदा इंजिनाच्या मागच्या कडेवरून बोट फिरवून मला जवळ बोलावले. कडेवर छन्नीचे सहा-सात घाव होते. इंजिन आणि गिअरबॉक्स एका रेषेत धरण्यासाठी तिथे दोन पोलादी डॉवेल पिना असतात. त्यातली एक नव्हतीच आणि दुसरी ठोकून चपटी झालेली होती. पिना नसतील तर बोल्ट कितीही आवळले तरी शाफ्ट किंचित तिरका फिरतो, आणि घरघर कुठून येत होती ते त्यांनी बेअरिंग हातात फिरवून मला ऐकवले.

“त्या टायमाचा एखादा फोटो हाय का?” त्यांनी विचारले. मी मोबाइल दिला. त्यांनी चष्मा वर करून फोटो मोठा केला, एका जागी थांबले आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. सेल्फच्या, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या मोटरच्या, वरच्या अंगाला, वायरिंग जाते त्या कोपऱ्यात, एक बोल्ट इंजिनातच होता, आणि त्याच्या डोक्याखाली अॅल्युमिनियमचा सुपारीएवढा तुकडा अडकलेला होता. तुटलेली कड ताज्या चुन्यासारखी पांढरी होती. बोल्टच्या डोक्यावर मात्र तेल आणि चिखल यांचा जुना काळा थर जसाच्या तसा होता. त्याच्या सहा कडांपैकी एकीवरही पान्याची चमक नव्हती. बाकीच्या बोल्टांची भोके रिकामी होती. म्हणजे तो बोल्ट कोणी काढलाच नव्हता, त्याला पाना लागलाच नव्हता, आणि तो आत असतानाच पहार घालून गिअरबॉक्स ओढला होता. बेल हाउसिंगचा कान, म्हणजे त्या बोल्टाचे भोक असलेला भाग, त्यामुळे मोडला. ‘एकजीव झालाय’ असे मला फोनवर सांगितले गेले, त्याचे कारण हा एक राहून गेलेला बोल्ट होता.

मिस्त्रींनी त्यानंतर मला जे समजावून सांगितले, ते पाण्यातली गाडी असलेल्या प्रत्येकाने ऐकण्यासारखे आहे. अशा गाडीत गिअरबॉक्स खरोखर अडकतो, यात खोटे काही नाही. पोलादी डॉवेल आणि अॅल्युमिनियमचे हाउसिंग यांच्यात पाणी राहिले की पांढरा क्षार धरतो आणि पीन पाचरीसारखी घट्ट होते. शाफ्टच्या दातांवर क्लच प्लेट गंजते. शाफ्टचे टोक ज्या पायलट बेअरिंगमध्ये शिरते, तेही धरून बसते. पण या सगळ्याला उपाय आहे आणि त्यात मुख्यतः वेळ लागतो. आधी बोल्ट मोजायचे आणि ज्या भोकातला जो, त्या क्रमाने पुठ्ठ्यावर लावायचे, म्हणजे एखादा राहिला तर रिकामी जागा लगेच दिसते. जोडावर आणि डॉवेलच्या जागी गंज सोडवणारे तेल मारून गाडी रात्रभर तशीच ठेवायची. सकाळी इंजिनाला खालून टेकू द्यायचा, गिअरबॉक्स जॅकवर इंजिनाच्या अगदी समपातळीत धरायचा, लाकडी किंवा तांब्याच्या हातोड्याने भोवताली ठोकायचे आणि समोरासमोरच्या बाजूंनी पातळ पाचरी थोड्या थोड्या सरकवायच्या. फट खाली उघडत असेल आणि वर केसभरही उघडत नसेल, तर हात थांबवून वर राहिलेला बोल्ट आधी शोधायचा. फट चहूकडून सारखी बोटभर उघडली आणि तिथे अडकली, तर डॉवेल सुटले आणि आता फक्त शाफ्ट धरतो आहे असे समजायचे, आणि गिअरबॉक्स पातळीत ठेवूनच हलक्या हाताने डोलवत मागे घ्यायचा. तो शाफ्टवर लोंबकळू दिला की नवीकोरी क्लच प्लेटसुद्धा मध्यात वाकते. लेथवर नेण्याचा संबंध यात कुठेही येत नाही, हे ऐकून मला फसवले गेले याबद्दल उरलीसुरली शंकाही राहिली नाही.

गंजलेल्या गिअरबद्दलही मी विचारले. ज्या कप्प्यातले तेल दुधाळ झालेले नाही, तिथल्या तेलात बुडालेल्या गिअरला दोन महिन्यांत असे खड्डे पडत नाहीत, असे ते म्हणाले. तो गिअर माझ्या गाडीचा नव्हता. मोडलेला कान मात्र माझ्या गिअरबॉक्सचा होता, आणि अॅल्युमिनियमचे वेल्डिंग जाणणारा माणूस तो भरून, भोक पाडून पूर्ववत करू शकला असता. तेवढा दोष कबूल करण्याऐवजी माझा चांगला गिअरबॉक्स ठेवून घेऊन मला झिजलेला विकण्यात आला. याबद्दल मला अजून राग येतो. हातून बोल्ट राहू शकतो, कान मोडू शकतो. पण त्यानंतरचे प्रत्येक पाऊल जाणूनबुजून टाकलेले होते.

हे कागदावर सिद्ध करणे अवघड का जाते, तेही समजून घ्यावे. आरसी बुकात इंजिन नंबर आणि चेसिस नंबर असतो; गिअरबॉक्सचा नंबर त्यात नसतो, तो असला तर फक्त त्याच्या अंगावर असतो. गिअरबॉक्स बदलला तर आरटीओच्या नोंदीत काहीही हलत नाही. गाडी गॅरेजला देण्यापूर्वी खाली वाकून त्या नंबराचा आणि चारही बाजूंचा फोटो मी काढला असता, तर आज मला वेगळे काही बोलावे लागले नसते. जुने भाग मला परत हवेत असे आधीच लिहून घेतले असते, तर पोत्याखालचा गिअरबॉक्स मला दाखवावाच लागला असता. आणि जोड उघडतानाच्या दिवशी मी तिथे हजर राहायला हवे होते. एका दिवसाची कांद्याची खेप बुडाली असती, एवढेच.

मिस्त्रींनी नव्या पिना आणि बेअरिंग घालून गाडी रस्त्यावर आणून दिली आणि त्यांनी पाहिलेले सगळे सहीनिशी लिहूनही दिले. ते पत्र, फोटो आणि पाठकोरा कागद जोडून मी गॅरेजला स्पीड पोस्टाने नोटीस पाठवली. उत्तर आले नाही, म्हणून सोलापूरच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे. मालवाहू गाडी म्हणजे धंद्याची गाडी, तिची तक्रार ग्राहक म्हणून चालत नाही, असे मला दोघांनी सांगितले होते. परंतु ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये स्वयंरोजगारातून केवळ स्वतःचे पोट भरण्यासाठी घेतलेल्या आणि स्वतः वापरलेल्या वस्तूचा वापर व्यापारी हेतूचा धरलेला नाही. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही, आणि मुदत घटनेपासून दोन वर्षांची आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी फोन केला, तर कोणते कागद लागतील ते तिथे विचारता येते.

माझा मूळ गिअरबॉक्स अजून मिळालेला नाही. नोव्हेंबर २०२५ नंतर सोलापुरात कोणी पिकअपसाठी जुना गिअरबॉक्स विकत घेतला असेल, तर त्याच्या बेल हाउसिंगवर, सेल्फच्या वरच्या कोपऱ्यातला कान नव्याने वेल्ड केलेला आहे का, एवढे कृपया टॉर्च लावून पाहावे. तसे दिसल्यास तो ज्याच्याकडून घेतला त्याची पावती जपून ठेवावी.