तूप वितळतंय पण बेडरूम गार: ट्रेलरची फर्नेस आणि दारात येणारे मेकॅनिक काका

आधीच सांगते, हा रिव्ह्यू त्या डीलरचा नाही ज्याने आमचा कॅम्पिंगचा ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं छोटं घर) तीन आठवडे ठेवून घेतला, "फर्नेस (आतली हवा तापवणारा गॅस हीटर) व्यवस्थित पेटतेय, दोष आढळला नाही" असं कागदावर लिहिलं आणि वर तपासणीचे 189 डॉलर घेतले. हा त्यानंतर आलेल्या मोबाईल आरव्ही मेकॅनिकचा, म्हणजे घरी येऊन असे ट्रेलर दुरुस्त करणाऱ्याचा आहे. पाचपैकी चार स्टार, एक का कापला ते शेवटी सांगते.

आमचा 25 फुटी ट्रेलर, सेकंडहँड घेतलेला, 30,000 बीटीयूची (बीटीयू म्हणजे उष्णतेचं माप) प्रोपेन गॅसवरची फर्नेस. आम्ही डेन्व्हरजवळ राहतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सासूबाई नाशिकहून आलेल्या म्हणून त्यांना घेऊन ग्रेट सँड ड्यून्सला गेलो. तिथलं पिन्यॉन फ्लॅट्स कॅम्पग्राउंड साधारण 8200 फुटांवर, हूकअप (ट्रेलरला बाहेरून विजेची जोडणी) नाही, म्हणजे रात्रभर सगळा भार बॅटरीवर. दिवसा वाळूत पोरं घसरगुंडी खेळली, संध्याकाळी छान गप्पा झाल्या आणि रात्री अशी थंडी पडली की विचारू नका. थर्मोस्टॅट 68 फॅरनहाइटवर आणि आत 54 च्या वर काटा जाईना. गंमत अशी की सोफ्याजवळच्या व्हेंटवर (गरम हवा बाहेर येते ती जाळी) हात ठेववत नव्हता आणि बेडरूमच्या व्हेंटमधून मात्र कुणीतरी हळूच फुंकर मारतंय असं वाटायचं. पहाटे चारला तर कहरच, ब्लोअरचा, म्हणजे फर्नेसच्या पंख्याचा, घूंऽऽ आवाज चालू पण हवा गारढोण. सासूबाई दोन शाली आणि माझं जॅकेट घालून बसलेल्या, म्हणाल्या, "अगं, ह्यापेक्षा आमचा बंब बरा, लाकडं घातली की तापतो तरी."

पण खरा शोध त्यांनीच लावला. सकाळी वरच्या कपाटातलं तूप दगडासारखं, चमचा जाईना, आणि सिंकच्या खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवलेली दुसरी बरणी बघते तर तूप पार पातळ, पाण्यासारखं. त्या म्हणाल्या, "इथे खाली गरम लागतंय बघ, हात घाल." खरंच ड्रॉवरच्या मागून झळ येत होती. म्हणजे फर्नेस गरम हवा बनवत होती, फक्त ती आमच्याकडे न येता तुपाला मिळत होती. मी हे डीलरला दोनदा सांगितलं, समोरच्या मुलाने हसून "ओके" म्हटलं आणि काही लिहून घेतलं नाही. त्यांनी ट्रेलर प्लगला लावून फर्नेस चालू केली, पेटली, संपलं.

काकांची गोष्टच वेगळी. साठीच्या पुढचे अमेरिकन गृहस्थ, पण आम्ही घरात त्यांना काकाच म्हणायला लागलो. आमच्या सोसायटीत ट्रेलर दारासमोर दोन दिवसांच्या वर उभा करू देत नाहीत म्हणून शनिवारचीच वेळ हवी होती, ती त्यांनी दिली. आल्या आल्या फर्नेस उघडतील असं वाटलेलं, तर त्यांनी आधी सगळे व्हेंट बघितले. मी बाथरूमचा आणि पुढच्या खोलीचा एक व्हेंट बंद करून ठेवला होता, हेतू हा की तिकडची हवा बेडरूमला जाईल. त्यावर मला नीट ऐकून घ्यावं लागलं. घरातल्या नळासारखं हे नाही, एक बंद केला की दुसऱ्याला जोर येतो असं होत नाही म्हणे. हवा बाहेर पडली नाही की आतली पेटी जास्त तापते, लिमिट स्विच गॅस तोडतो, ब्लोअर फिरत राहतो, पेटी निवली की परत पेटतं, परत तुटतं. आणि आपल्याला वाटतं फर्नेस कमजोर आहे. माझ्या समोर त्यांनी घड्याळ लावून दाखवलं, काही मिनिटांतच ज्योत दोनदा गेली.

मग आत हवा ओढणारी जाळी. ती आमच्याकडे फ्रिजच्या खाली आहे आणि तिच्यासमोर सगळ्यांचे बूट आणि 20 पौंडांची बासमतीची पिशवी टेकवलेली. काकांनी काही न बोलता पिशवी उचलून बाहेर ठेवली. नवरा म्हणाला, "मी सांगत होतो ना." त्याने कधीच सांगितलं नव्हतं.

पुढचं बॅटरीचं. मीटर लावला तर बॅटरीवर 12.4 व्होल्ट आणि ब्लोअर फिरत असताना फर्नेसच्या तारांवर 11.2, म्हणजे मधल्या मध्ये सव्वा व्होल्टच्या आसपास गायब. चेसिसला जिथे अर्थची वायर बोल्टने कसलेली असते तिथे गंज. पहाटेच्या गार हवेचं कारण तेच. पंखा पुरेशा जोरात फिरला तरच हवेच्या झोताने आतलं छोटं पातं ढकललं जातं, त्याला सेल स्विच म्हणतात, आणि ते ढकललं गेल्याशिवाय सर्किट बोर्ड गॅस सोडतच नाही. रात्रभर चालून बॅटरी उतरली, वर हा गंज, पंखा मंद, मग नुसती गार हवा. डीलरकडे प्लगवर कन्व्हर्टर (बाहेरची वीज बॅटरीच्या व्होल्टवर आणणारा डबा) साडेतेरा व्होल्ट देत होता, तिथे हे दिसणार कसं! काकांनी वायर ब्रशने घासून बोल्ट नवा टाकला, परत मोजलं, 12.1. गॅसचं प्रेशरही बघितलं, पाण्याच्या 11 इंचांवर (हा दाब पाण्याच्या उंचीत मोजतात), जेवढं हवं तेवढंच, आणि ते शेगडीचे दोन बर्नर पेटवून बघितलं म्हणजे भार असताना खाली जातंय का ते कळतं. बाहेरच्या एक्झॉस्टमध्ये टॉर्च मारून कुंभारीण माशीचं घर आहे का तेही पाहिलं. आमच्याकडे नव्हतं, नशीब.

आता ड्रॉवर. तो काढला आणि आम्ही सगळे वाकून बघत बसलो, सासूबाईसुद्धा. फर्नेसच्या पत्र्याच्या पेटीतून निघणारा 4 इंची डक्ट, तो चांदीच्या कागदाचा चुरगळणारा पाईप असतो ना तो, कॉलरवरून, म्हणजे पेटीच्या गोल तोंडावरून, अर्धा निसटलेला. साधी कापडी टेप लावलेली, ती उष्णतेने वाळून खपलीसारखी लोंबत होती. सगळी हवा ड्रॉवरच्या मागे. त्याच्या शेजारचा बेडरूमला जाणारा डक्ट पाण्याच्या पाईपखाली दबून चपटा झालेला, पोळी लाटल्यासारखा. आणि तिसरी गोष्ट ऐकून मला राग आला. फर्नेसच्या मॅन्युअलप्रमाणे डक्टची एकूण तोंडं निदान 48 चौरस इंच हवीत, 4 इंची एक डक्ट म्हणजे साडेबारा, म्हणजे चार लागतात. ट्रेलर बनवणाऱ्याने तीनच जोडलेल्या, चौथं भोक पत्र्यात तसंच बंद, हातोडीचा घावही लागलेला नाही. म्हणजे पहिल्या दिवसापासून ही फर्नेस गुदमरत होती, त्यात मी दोन व्हेंट बंद केले, बूट लावले, बासमती लावली.

काकांनी निसटलेला डक्ट क्लॅम्प आणि फॉईल टेपने बसवला, चपटा काढून नवा टाकला, जरा आखूड आणि कमी वळणांचा, आणि चौथं भोक उघडून एक डक्ट सरळ बेडरूमला नेला. जुन्या फ्लोअरला नवीन व्हेंटसाठी भोक पाडताना माझ्या पोटात गोळा आला होता, पण सफाईने कापलं. मग परत मोजणी. बेडरूमच्या व्हेंटवर आधी 78 डिग्री होतं, आता 118. सोफ्याजवळचा जो भाजायचा तो उलट थोडा उतरला, आणि ज्योत मधेच जायची थांबली. त्या संध्याकाळी बाहेर 35 असताना आत 52 पासून 67 ला यायला 40 मिनिटं लागली. जाता जाता कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म उलटा करून मागची तारीख दाखवली, मुदत कधीच संपलेली. हे अलार्म पाच-सात वर्षांत बदलायचे असतात हे मला माहीतच नव्हतं, रात्रभर फर्नेस लावून पोरं झोपवत होतो आम्ही.

बिल 465 डॉलर झालं, येण्याचे 95, अडीच तासांची मजुरी आणि बाकी सामान. डीलरच्या 189 मध्ये काहीच मिळालं नव्हतं हे धरलं तर मला महाग वाटलं नाही. नवऱ्याला वाटलं. त्याचं म्हणणं डक्ट आणि टेप आपण स्वतः केलं असतं, आणि खरं सांगायचं तर ड्रॉवर काढून बघणं, जाळी मोकळी करणं, व्हेंट उघडे ठेवणं एवढं कुणीही करू शकतो, आधी तेवढं करूनच फोन करा. पण गॅसला आणि बर्नरला हात लावू नका हं, ते जाणकारालाच करू दे.

आता तो कापलेला स्टार. सकाळी दहाची वेळ, आले साडेअकराला, फोन नाही मेसेज नाही. कार्ड घेत नाहीत, चेकच लागतो, आणि आमच्या घरात चेकबुक शोधायला वीस मिनिटं गेली. बोलतात खूप, प्रत्येक स्क्रूमागे एक किस्सा, पण सासूबाईंना ते आवडलं, इंग्रजी फारसं कळत नसूनही दोघांचं बरं जमलं, चहाबरोबर त्यांना बेसनाचा लाडू गेला आणि दुसराही त्यांनी मागून घेतला. आणि तो ड्रॉवर! परत बसवताना एक रेल वाकडी झाली, आता शेवटचे दोन इंच आत जातच नाही, रस्त्यावर वळणावर आपोआप उघडतो म्हणून दोरी बांधलीय. फोन केला तर म्हणाले पुढच्या आठवड्यात येतो. त्याला आता तीन आठवडे झाले.